दस्तापासून सातबाऱ्यापर्यंत : डेटाबेस जोडणीचा प्रकल्प कसा उभा राहतो

शेतजमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवले जाते, पक्षकारांची छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे संगणकावर घेतले जातात, नोंदलेला दस्त खरेदीदाराच्या हाती पडतो. आणि तरीही त्याच संध्याकाळी सातबाऱ्याचा उतारा काढला, तर त्यावर विकणाऱ्याचेच नाव असते. सर्व दप्तर कागदावर होते तेव्हा हा विलंब लोक गृहीतच धरीत असत. आता मात्र नोंदणी विभागाचे काम ‘आय-सरिता’ या प्रणालीवर चालते, महसूल विभागाकडे ‘ई-फेरफार’ आहे आणि नोंदलेल्या दस्ताची माहिती संगणकानेच एकीकडून दुसरीकडे जाते. मग खरेदीदाराचे नाव त्याच क्षणी सातबाऱ्यावर का लागू नये, हा प्रश्न जमीन घेणाऱ्या कोणालाही पडतो.

या प्रश्नाचे उत्तर समजले, की माहिती तंत्रज्ञानातील एका मोठ्या कामाचे मर्म हाती येते. वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी उभारलेले डेटाबेस एकमेकांशी जोडण्याच्या या कामाला ‘डेटाबेस एकात्मीकरण’ म्हणतात. बँका, रुग्णालये, विद्यापीठे, कारखाने अशा सगळ्यांनाच ते कधी ना कधी हाती घ्यावे लागते, आणि ते करताना अलीकडे ‘प्रक्रिया-आलेखन’ साधनांची मदत घेतली जाते. ई-फेरफार प्रणालीची अंतर्गत तांत्रिक रचना हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. कायद्याने घालून दिलेली फेरफाराची वाट डोळ्यांसमोर ठेवून, असा जोडणी प्रकल्प या साधनांच्या आधारे कसा उभारता येतो, हे येथे पाहायचे आहे.

दोन डेटाबेस, दोन वेगळी विधाने

नोंदणी कार्यालयाचा डेटाबेस एवढेच सांगतो, की अमुक तारखेस अमुक पक्षकारांनी अमुक दस्त नोंदवला. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली होणारी ही नोंदणी दस्ताची असते. विकणाऱ्याची मालकी निर्विवाद आहे, अशी हमी त्यातून मिळत नाही. सातबारा मात्र अधिकार अभिलेखाचा भाग आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. एवढे वजन असलेल्या नोंदीत बदल करायचा, तर ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत त्यांना बोलण्याची संधी मिळाली पाहिजे, हे ओघानेच येते.

संहितेने त्यासाठी ठरवलेली वाट अशी आहे. कलम १५४ नुसार नोंदणी अधिकारी दस्ताची माहिती महसूल यंत्रणेला कळवतो. तलाठी, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली, तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये, चढते आणि सक्षम अधिकारी सुनावणी घेऊन निर्णय देतो. हरकत आली नाही, तर सामान्यतः मंडळ अधिकारी कागदपत्रे तपासून नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल दिला जातो.

म्हणून खरेदीच्या दिवशी दोन डेटाबेस परस्परविरोधी दिसले, तरी दोन्ही खरेच बोलत असतात: एक सांगतो की दस्त झाला, दुसरा सांगतो की हक्काची नोंद अद्याप बदललेली नाही. त्यांच्यातले अंतर केवळ तारेचे असते, तर एका डेटाबेसची प्रत दुसऱ्यात उतरवणारा छोटासा प्रोग्राम पुरला असता. हे अंतर कायद्याचे आहे, त्यात माणसांचे निर्णय आणि थांबण्याच्या मुदती आहेत, आणि केवळ तक्त्यांना तक्ते जोडून ते सांधता येत नाही. जोडणीचे अनेक प्रकल्प रखडतात ते याच ठिकाणी, कारण ‘कोणत्या तक्त्यातला कोणता रकाना कोठे न्यायचा’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत घेतला जातो आणि ‘हे काम मुळात चालते कसे’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आधी कामाची आकृती

काम कसे चालते, हे सर्वांना एकाच अर्थाने कळेल अशा चित्रलिपीत मांडण्याची गरज प्रक्रिया-आलेखनातून भागते. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी लिपी म्हणजे ‘बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन’, संक्षेपाने बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. पुढे तिचा सांभाळ ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे गेला, २०११ मध्ये दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या आवृत्तीने एक महत्त्वाची गोष्ट साधली: आकृती कोणत्या स्वरूपाच्या फाइलमध्ये साठवायची आणि संगणकाने तिचा काय अर्थ लावायचा, हेही तिने ठरवून दिले. त्यामुळे आकृती भिंतीवर लावण्यापुरती न राहता चालवताही येऊ लागली. कामुंडा, बोनिटा, फ्लोएबल ही अशा आकृत्या काढण्याची व चालवण्याची सोय देणाऱ्या साधनांपैकी काही परिचित नावे होत.

फेरफाराची आकृती काढताना प्रथम आडवे पट्टे आखले जातात. नोंदणी विभाग आणि महसूल विभाग या स्वतंत्र यंत्रणा असल्याने त्यांना दोन वेगळ्या चौकटी मिळतात. महसूलच्या चौकटीत ग्राम महसूल अधिकारी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांचे तीन पट्टे पडतात. प्रत्येक काम ज्याच्या पट्ट्यात असेल, त्याची जबाबदारी त्याची. ही आखणी करतानाच पहिले वाद उभे राहतात आणि ते तेव्हाच उभे राहणे हिताचे असते. नोटीस तयार करणे आणि ती बजावली गेल्याची नोंद घेणे ही एकाच माणसाची कामे आहेत की दोघांची? दस्तात गट क्रमांक चुकला असेल, तर तो परत कोणाकडे जायचा? अशा प्रश्नांची उत्तरे परिपत्रकांत नेहमीच सापडत नाहीत. रोज ते काम करणाऱ्यांनाच ती ठाऊक असतात.

आकृतीचा सर्वांत कसोटी पाहणारा भाग म्हणजे नोटीस. एका गटात सात सहखातेदार असले, तर नोटिसा सात जातात आणि त्या सातही जणांना एकाच दिवशी मिळत नाहीत. कोणी गावातच असतो, कोणी पुण्याला, कोणाचा पत्ता जुना असतो. म्हणून ‘नोंद घेतल्यापासून १५ दिवस’ असे घड्याळ आकृतीत बसवले, तर ते चुकीचे ठरते. घड्याळ नोटीस बजावल्यापासून चालू झाले पाहिजे, आणि नोटिसा अनेक असल्यास शेवटची बजावणी झाल्याखेरीज प्रमाणीकरणाचा रस्ता खुला होता कामा नये. बीपीएमएनमध्ये ‘हेच काम प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्रपणे करा आणि सर्व पूर्ण झाल्यावर पुढे जा’ हे सांगण्यासाठी कामाच्या चौकोनात तीन उभ्या रेघा काढल्या जातात. त्या काढायच्या राहिल्या, तर एकाच नोटिसीच्या बजावणीवर फेरफार पुढे सरकतो आणि बाहेरगावी राहणाऱ्या सहहिस्सेदाराची हरकतीची संधी हुकते.

चौकट : आकृती वाचण्यापुरती चिन्हे

बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे प्रक्रियेचा आरंभ, जाड रेघेचे वर्तुळ म्हणजे शेवट. दुहेरी रेघेचे वर्तुळ वाटेतली घटना दाखवते. त्यात घड्याळ असेल तर ठरावीक मुदत, पाकीट असेल तर निरोपाची ये-जा. गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे एक काम. त्यावर माणसाचे चिन्ह असेल तर ते माणसाने करायचे, दातेरी चक्रे असतील तर संगणकाने आपोआप करायचे. शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे वाटा फुटण्याची जागा: आत फुलीचे चिन्ह असल्यास एकच वाट धरायची, अधिकचे चिन्ह असल्यास सर्व वाटांनी एकदम जायचे. सलग बाण एका यंत्रणेच्या आतला क्रम दाखवतात, तुटक बाण दोन यंत्रणांमधले निरोप. डेटाबेससाठी उभ्या नळकांड्याचे चिन्ह आहे.

आकृती चालते कशी

आकृतीची फाइल ज्या प्रोग्रामच्या हाती दिली जाते, त्याला ‘प्रक्रिया-इंजिन’ म्हणतात. इंजिनाचे काम सारीपाटाच्या खेळासारखे आहे: आकृती हा पट, आणि प्रत्येक नवा दस्त आला की त्या पटावर एक सोंगटी आरंभीच्या घरात ठेवली जाते. सोंगटी संगणकाने करायच्या कामावर आली, तर इंजिन ते काम करून तिला पुढच्या घरात नेते. माणसाने करायच्या कामावर आली, तर त्या माणसाच्या कामांच्या यादीत एक ओळ वाढते आणि तो काम पूर्ण करीपर्यंत सोंगटी तेथेच राहते. घड्याळाच्या घरात आली, तर मुदत संपेपर्यंत थांबते. ‘अधिक’ चिन्हाच्या चौकटीत एका सोंगटीच्या अनेक होतात आणि पुढच्या तशाच चौकटीत त्या पुन्हा एक होतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल आडाम पेट्री याने १९६२ मध्ये आपल्या प्रबंधात मांडलेली जाळ्यांची गणिती कल्पना या विचाराच्या मुळाशी आहे.

एका वेळी हजारो फेरफार चालू असतील, तर हजारो सोंगट्या निरनिराळ्या घरांत उभ्या असतात. यांतली प्रत्येक कोठे आहे, हे इंजिन आपल्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवते; त्यामुळे वीज गेली किंवा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तरी १५ दिवसांतले राहिलेले ९ दिवस तसेच मोजले जातात. येथे एक पथ्य पाळावे लागते. इंजिनाच्या डेटाबेसमध्ये प्रक्रियेची स्थिती ठेवायची असते, जमिनीची माहिती ठेवायची नसते. सोंगटीबरोबर दस्त क्रमांक आणि फेरफार क्रमांक एवढ्या दोन किल्ल्या फिरवाव्यात आणि क्षेत्र, नावे, गट हे तपशील लागतील तेव्हा मूळ डेटाबेसमधून वाचावेत. सर्व तपशील सोंगटीच्या पाठीवर लादले, तर नोटिसीच्या मुदतीत मूळ नोंदीत झालेली दुरुस्ती तिला कळत नाही आणि शेवटी शिळी माहिती प्रमाणित होते.

रकान्याला रकाना जुळवताना

आकृती निश्चित झाल्यावर दोन डेटाबेसांतले रकाने एकमेकांशी जुळवण्याचे काम येते. बहुतेक आधुनिक डेटाबेस एडगर कॉड याने १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानावर उभे आहेत. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि समान किल्लीच्या आधारे एका तक्त्यातील ओळ दुसऱ्यातील ओळीशी जोडायची, हे त्याचे सार. समान किल्ली कोठून आणायची, हा प्रश्न मात्र दोन वेगळ्या खात्यांच्या डेटाबेसांत अवघड होऊन बसतो. जमिनीसाठी जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक मिळून किल्ली बनते, पण गावाचे संकेतांक दोन्ही खात्यांत एकच असतील असे नाही. म्हणून गावांची जोडतालिका आधी तयार करावी लागते आणि ती एकाच जागी सांभाळावी लागते.

गट क्रमांक हा ‘क्रमांक’ म्हटला जात असला, तरी तो संख्या नव्हे. ‘१२/२/अ’ या क्रमांकात हिस्सा आणि पोटहिस्सा गुंफलेले असतात, म्हणून तो रकाना मजकुराचाच ठेवावा लागतो. माहितीची देवाणघेवाण करताना मध्ये तक्त्यांचे एखादे नेहमीचे सॉफ्टवेअर वापरले, तर ‘१२/२’ हा गट बिनबोभाट १२ फेब्रुवारी होऊन बसतो, हा अनुभव अशा कामात पडलेल्या अनेकांच्या परिचयाचा आहे.

क्षेत्राचे तसेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. लोक मात्र एकर-गुंठ्यांत बोलतात आणि दस्ताच्या मजकुरातही गुंठे येतात. गुंठा आणि आर जवळपास सारखे असल्याने ते एकच समजण्याचा मोह होतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. २० गुंठ्यांचे नेमके रूपांतर ० हेक्टर २० आर २३ चौरस मीटर असे होते. रूपांतराच्या सूत्रात गुंठा आणि आर समान धरले, तर प्रत्येक २० गुंठ्यांमागे २३ चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीहून मोठी जागा, कागदावरून नाहीशी होते. शिवाय गटातल्या सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे, अशी तपासणी आकृतीत स्वतंत्र काम म्हणून ठेवावी लागते. ती जुळली नाही, तर सोंगटी आपोआप पुढे न जाता माणसाकडे वळली पाहिजे.

नावांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. एका दप्तरात ‘दत्तात्रय’, दुसऱ्यात ‘दत्तात्रेय’. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. कोठे वडिलांचे पूर्ण नाव, कोठे आद्याक्षर. हे भेद निदान डोळ्यांना दिसतात. काही भेद दिसतही नाहीत. ‘गोऱ्हे’ या आडनावातील जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते: युनिकोडमधील ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे शून्य रुंदीचे, न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर आणि छापील उताऱ्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी उमटतात, पण संगणक अक्षरांच्या आकृत्या न पाहता त्यांचे संकेतांक पाहतो, आणि ते वेगळे असल्याने ‘हा खातेदार सापडत नाही’ असे उत्तर देतो. मजकुराचे प्रमाणीकरण करणारे युनिकोडचे नेहमीचे नियमही ही दोन रूपे एक करीत नाहीत. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडचा मजकूर एका ठरलेल्या रूपात आणण्याचा नियम मराठी माहितीसाठी प्रकल्पात मुद्दाम लिहावा लागतो. कऱ्हाडे, बोऱ्हाडे अशी कितीतरी आडनावे या एका बारकाव्यावर अडतात, आणि परदेशात तयार झालेल्या साधनाकडून हा बारकावा सांभाळला जाईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

हे सर्व नियम लावूनही नावे जुळली नाहीत तर काय, याचे उत्तर आकृतीत आधीच असले पाहिजे. ‘बहुधा हाच माणूस असावा’ असा अंदाज संगणकाने बांधून पुढे जाणे हक्काच्या नोंदीत अक्षम्य आहे. अशा वेळी संशयित जोडी ग्राम महसूल अधिकाऱ्यापुढे ठेवावी, दोन्हीकडचे तपशील शेजारी शेजारी दाखवावेत आणि त्याने दिलेला निर्णय त्याच्या नावासह व वेळेसह जतन करावा.

जोडणीची तार

डेटाबेसशी प्रत्यक्ष संपर्क साधण्यासाठी आलेखन साधनांत ‘कनेक्टर’ नावाचे तयार घटक असतात. संगणकाने करायच्या कामाला कनेक्टर जोडायचा, कोणत्या डेटाबेसला काय विचारायचे ते लिहायचे आणि आलेले उत्तर प्रक्रियेतल्या कोणत्या चलात ठेवायचे ते सांगायचे, एवढे या कामाचे स्वरूप असते. दोन-तीन गोष्टी मात्र प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी ठरवाव्यात. सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड आकृतीत कधीही लिहू नयेत. ते वेगळ्या संरचना-फाइलमध्ये अथवा सुरक्षित तिजोरीत ठेवावेत, म्हणजे तीच आकृती चाचणीच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या वातावरणात काहीही न बदलता चालते. ज्या कामाला केवळ वाचायचे आहे, त्याला लिहिण्याचा अधिकार देऊ नये. आणि दुसऱ्या खात्याच्या तक्त्यांत थेट हात घालण्याऐवजी त्या खात्याने उघडलेल्या ठरावीक खिडकीतून, म्हणजे एपीआयमधून, माहिती मागावी. त्या खात्याने उद्या आपल्या तक्त्यांची रचना बदलली, तरी खिडकी तीच राहिल्यास जोडणी तुटत नाही.

अर्धवट राहिलेले काम

एका डेटाबेसच्या आत ‘सगळे होईल, नाहीतर काहीच होणार नाही’ अशी हमी मिळते. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी बिघाड झाला, तर डेटाबेस वजाबाकीही रद्द करतो. कामांच्या अशा अविभाज्य गटाला ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. दोन स्वतंत्र डेटाबेसांना मिळून अशी हमी देण्याची पद्धतही उपलब्ध आहे: प्रथम सर्वांना ‘तयार आहात का’ असे विचारायचे आणि सर्वांचा होकार आल्यावरच ‘करा’ म्हणायचे. पण होकार दिल्यापासून आज्ञा येईपर्यंत प्रत्येक डेटाबेसला त्या ओळी कुलूपबंद ठेवाव्या लागतात. काही क्षणांसाठी हे चालते; हरकतीच्या १५ दिवसांसाठी, किंवा सुनावणी लांबल्यास महिनोन् महिने, अशक्य आहे.

हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम या प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ मध्ये यावर ‘सागा’ नावाचा उपाय मांडला. दीर्घ काम लहान लहान ट्रान्झॅक्शनांत तोडायचे, प्रत्येक टप्पा लगेच पक्का करायचा, आणि प्रत्येक टप्प्याबरोबर त्याचा परिणाम उलटवणारी एक भरपाईची कृती लिहून ठेवायची. पुढे अडले, तर मागच्या टप्प्यांच्या भरपाईच्या कृती उलट क्रमाने करायच्या. बीपीएमएनमध्ये यासाठी मागे वळलेल्या दोन त्रिकोणांचे चिन्ह आहे.

महाराष्ट्राच्या महसुली दप्तराला हा विचार संगणकाच्या आधीपासून परिचित आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर एखादे नाव कमी करायचे असले, तर ते खरवडून काढीत नसत. त्याला कंस करीत आणि ज्या फेरफाराने ते कमी झाले, त्याचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहीत. प्रमाणित झालेली नोंद अपिलात रद्द ठरली, तर जुने पान फाडले जात नाही. अपिलाच्या आदेशाचा नवा फेरफार पडतो आणि आधीच्या नोंदीचा परिणाम उलटतो. जोडणी प्रकल्पातील भरपाईची कृती हीच असली पाहिजे. चुकीची ओळ डेटाबेसमधून पुसून टाकणारा प्रोग्राम लिहिणे सोपे असते, पण अधिकार अभिलेखात पुसण्याला जागा नाही, आणि ज्या प्रकल्पात ती करून ठेवली जाते, त्यात फसवणुकीलाही जागा होते.

बिघाडाचा आणखी एक प्रकार रोज घडतो. नोंदणी यंत्रणेने दस्ताचा निरोप पाठवला, महसूल यंत्रणेने तो घेऊन फेरफार टाकलाही, पण पोच परत जाताना जाळे तुटले. पाठवणाऱ्याला पोच मिळाली नाही, म्हणून तो निरोप पुन्हा पाठवतो. घेणारी यंत्रणा बेसावध असेल, तर एकाच खरेदीचे दोन फेरफार पडतात आणि दोन नोटिसा निघतात. यावरचा उपाय साधा आहे: दुय्यम निबंधक कार्यालयाचा संकेतांक, वर्ष आणि दस्त क्रमांक मिळून बनणारी किल्ली घेणाऱ्याने ‘अद्वितीय’ म्हणून नोंदवून ठेवावी, आणि तीच किल्ली पुन्हा आली तर नवी नोंद न करता जुन्याच फेरफाराचा क्रमांक उत्तरादाखल द्यावा. एका दस्तात अनेक गट असतील, तर किल्लीत गटही मिळवावा लागतो. निरोप कितीही वेळा आला, तरी परिणाम एकदाच व्हावा, हे तत्त्व जोडणीच्या प्रत्येक सांध्याला लावले पाहिजे.

चाचणी कोणत्या नोंदींवर करावी

नमुन्यादाखल स्वच्छ नोंदी तयार करून घेतलेली चाचणी फारशी काही शिकवत नाही. जुन्या दप्तरातली वेडीवाकडी प्रकरणे निवडावीत: मृत खातेदाराचे नाव अजून चालू असलेला गट, अज्ञान वारसाच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव असलेली नोंद, बेरीज न जुळणारे क्षेत्र, एकाच नावाचे दोन खातेदार, मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलेली हरकत. खऱ्या माणसांची माहिती चाचणीत वापरताना नावे व ओळखक्रमांक बदलून घ्यावेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झालेला आहे आणि त्याचे भान चाचणीच्या सर्व्हरवरही राखले पाहिजे. आकृतीतल्या प्रत्येक शंकरपाळ्याच्या चौकटीतून फुटणारी प्रत्येक वाट निदान एकदा चालून पाहिल्याखेरीज चाचणी पूर्ण झाली, असे मानू नये. सुरुवातही एका तालुक्यापासून आणि एकाच प्रकारच्या फेरफारापासून करावी. खरेदीची वाट पक्की झाल्यावर वारस, बक्षीसपत्र, बोजा यांच्या आकृत्या तिच्याच अनुभवावर लवकर उभ्या राहतात.

आकृती काढताना खोलीत कोण बसले आहे, यावर अशा प्रकल्पाचे भवितव्य साधनाच्या निवडीपेक्षा कितीतरी अधिक अवलंबून असते. ज्याला चावडीवरचे काम ठाऊक आहे असा ग्राम महसूल अधिकारी, प्रमाणीकरण करणारा मंडळ अधिकारी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील लिपिक यांनी आकृतीवर बोट ठेवून ‘येथे प्रत्यक्षात असे होत नाही’ असे म्हणावे आणि अभियंत्याने ते ऐकून रेघ बदलावी, यासाठीच ही चित्रलिपी निर्माण झाली. प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी या तिघांची आकृतीला संमती घेणे प्रकल्प चालवणाऱ्या प्रत्येकाने बंधनकारक मानावे.

वाचकांनाही या वाटेवरची आपल्या फेरफाराची जागा पाहता येते. महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावरील ‘आपली चावडी’ या सुविधेत जिल्हा, तालुका आणि गाव निवडले, की त्या गावातील फेरफारांच्या नोटिसा आणि हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख दिसते. जमीन घेतलेल्यांनी आणि वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा असूनही गावापासून दूर राहणाऱ्यांनी ती अधूनमधून उघडून पाहावी. त्यासाठी तहसील कार्यालयात जावे लागत नाही.